वैनगंगाकाठच्या रणभूमी आणि आजचा नकाशा

आपल्या गावाच्या शिवारात पूर्वी कधी काळी मोठी लढाई झाली होती, असे वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकलेले आणि पुढे एखाद्या गॅझेटियरात वा बखरीत त्या लढाईचा ओझरता उल्लेख वाचलेले जिज्ञासू भंडारा जिल्ह्यात थोडेथोडके नाहीत. परंतु ती जागा आजच्या नकाशावर नेमकी कोठे दाखवावी, असा प्रश्न आला की त्यांतील बहुतेक जण पहिली पायरी म्हणून भ्रमणध्वनीवरील नकाशात गावाचे नाव लिहितात, आणि जे पहिले टिंब समोर उमटेल तीच रणभूमी समजून निश्चिंत होतात. पुष्कळ चुका या पहिल्याच पायरीवर होतात. या लेखात जी पद्धत सांगावयाची आहे तिचे सार एवढेच, की नाव हे शोधाचे शेवटचे साधन असावे, पहिले नव्हे. घटनेची तारीख, फौजेची मजल, नदी-नाल्यांचे पाणी आणि जमिनीचा उंचसखलपणा यांच्या आधाराने आधी प्रदेश आवळत आणावा, आणि मगच त्या आवळलेल्या प्रदेशात हवे ते नाव भेटते का, हे पाहावे.

नाव कसे फसवते, याचे आपल्याच मुलखातील ठळक उदाहरण कामठ्याचे आहे. नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले मे १८१८ मध्ये इंग्रजांच्या कैदेतून निसटल्यानंतर नागपूरच्या राज्यात ठिकठिकाणी जी धामधूम उसळली, तीत कामठ्याचे जमीनदार चिमणा पटेल यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले आणि कॅप्टन गॉर्डन यांच्या हाताखालील तुकडी त्यांच्यावर चालून गेली. ही हकिकत इंग्रजी कागदांत वाचणाऱ्याला कामठ्याचे नाव रोमन लिपीत, आणि तेही लेखकागणिक बदलणाऱ्या वर्णयोजनेत भेटते. आणि नागपूरलगतच्या कामठीचे नाव सर्वतोमुखी असल्यामुळे तो सहजच तिकडे वळतो. कन्हानकाठची कामठीची छावणी १८२१ साली वसली, ही एकच तारीख ध्यानी ठेवली तरी १८१८ च्या लढाईतील जमीनदाराचे ठाणे त्या छावणीच्या जागी शोधणे व्यर्थ आहे, हे कळून येते. शिवाय ती फौज कोणत्या मुक्कामाहून निघाली, वैनगंगा तिने ओलांडली की नाही, वाटेत जंगल लागले की उघडा मुलूख, हे त्याच कागदांतून काढले, की बोट आपोआप पूर्वेकडे सरकते आणि आजच्या गोंदिया जिल्ह्यातील कामठ्यावर येऊन थांबते. येथे नावाने दिशाभूल केली असती. ती टळली तारखेने आणि वाटेने.

अशी जोडनावे आपल्याकडे विपुल आहेत. तुमसर तालुक्यातील अंबागड हा देवगडच्या राजाचा सुभेदार राजाखान पठाण याने सुमारे १७०० साली बांधलेला किल्ला. पण छत्तीसगडात अंबागड चौकी आहे, आणि मूळ कागदात ‘अंबागड’ एवढेच लिहिले असेल तर निर्णय संदर्भानेच करावा लागतो. नवेगावबांधाच्या जंगलालगतचा प्रतापगड आणि जावळीतला प्रतापगड यांची गल्लत मराठी वाचक सहसा करणार नाही, परंतु यंत्राने केलेली अनुक्रमणिका ती खुशाल करते. पवनी एक आपली, वैनगंगेकाठची, प्राचीन तटबंदीची. दुसरी रामटेकाकडची, जबलपूरच्या वाटेवरची. आणि या दोहोंच्या जोडीला वर्धा जिल्ह्यातील पवनार. तेव्हा शोधाला आरंभ करताना एका कोऱ्या कागदावर मूळ दस्तऐवजातील नाव जसेच्या तसे, त्यातील अशुद्धांसह, उतरवून घ्यावे, आणि त्याखाली त्या उच्चाराशी जुळणारी सर्व गावे त्यांच्या तालुक्यांसह लिहावीत. बुजरूक आणि खुर्द अशी जोडगावे स्वतंत्र धरावीत. रिठी मौजे मुळीच वगळू नयेत, कारण जे गाव शंभर-दीडशे वर्षांपूर्वी उजाड झाले त्याचे टिंब आजच्या रस्त्यांच्या नकाशावर नसते. पण महसुली दप्तरात त्याचे नाव आणि त्याची शीव दोन्ही जिवंत असतात. लढायांमुळे, साथींमुळे अथवा दुष्काळामुळे ओस पडलेली गावे याच वर्गात मोडतात, म्हणून आपल्या कामाला ती अधिक उपयोगी आहेत.

कागद कोठे शोधावेत, या प्रश्नाचे उत्तर जिल्ह्यांच्या बदलत्या सरहद्दींत दडलेले आहे. १८६७ साली बालाघाट जिल्हा नव्याने निर्माण झाला तेव्हा मंडला आणि शिवनी यांच्याबरोबर भंडाऱ्याचाही काही भाग त्यात गेला. १९५६ साली भंडारा जिल्हा मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आला. १९६० साली महाराष्ट्र झाला. आणि १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. परिणामी एखाद्या ठाण्याची हकिकत ‘भंडारा’ या शीर्षकाखाली छापलेली असते आणि ते ठाणे आज गोंदियात अथवा बालाघाटात असते. चार्ल्स ग्रँट यांचे मध्य प्रांताचे गॅझेटियर १८७० चे, रसेल यांचे भंडारा जिल्ह्याचे गॅझेटियर १९०८ चे आणि महाराष्ट्र शासनाचे १९७९ चे. ही तिन्ही वाचताना प्रत्येक वेळी ‘या वर्षी जिल्ह्याची हद्द कोठवर होती’ हे समासात लिहून ठेवण्याची सवय लावून घ्यावी. नागपूरच्या पुराभिलेखागारात जे मिळत नाही ते कित्येकदा भोपाळकडे गेलेले असते.

साधनांची प्रतवारी लावण्याविषयी चार शब्द लिहिणे अवश्य वाटते, कारण मराठी वाचकाचे बखरीवर प्रेम असते आणि ते प्रेम मलाही आहे. देवगडचा राजा चांद सुलतान याच्या मृत्यूनंतर तेथील गादीचा तंटा विकोपास गेल्यावर, १७३८ च्या सुमारास रघूजी भोसले गादी बळकावणाऱ्या वलीशाहावर चालून आले, आणि पाटणसावंगीपासून भंडाऱ्यापर्यंतचा मुलूख त्या मोहिमेच्या वृत्तांतात येतो. परंतु काशीराव राजेश्वर गुप्ते यांची नागपूरकर भोसल्यांची बखर तयार झाली ती रिचर्ड जेंकिन्स नागपुरास रेसिडेंट असताना, म्हणजे त्या घटनेनंतर सुमारे ऐंशी वर्षांनी. एवढ्या अवधीत प्रसंग टिकतो, माणसे टिकतात, पण जागा सरकते. लहान गावाची लढाई जवळच्या मोठ्या गावाच्या नावावर जमा होते. म्हणून बखरीतून कोण, कोणाशी आणि कशासाठी लढला हे घ्यावे, आणि कोठे लढला यासाठी घटनेच्या वेळी लिहिलेली पत्रे, मुक्कामांच्या नोंदी आणि हिशेबाचे कागद धुंडाळावेत. १८१७-१८ च्या युद्धासाठी व्हॅलेंटाइन ब्लॅकर यांचा १८२१ साली निघालेला ग्रंथ फार मोलाचा आहे, कारण ते स्वतः लष्करी मोजणी आणि हालचाली यांच्या खात्यातले अधिकारी होते. जेंकिन्स यांचा नागपूर मुलखाविषयीचा १८२७ चा अहवाल आणि छापून निघालेले नागपूर रेसिडेन्सीचे निवडक कागद त्याच्या जोडीला ठेवावेत. यादव माधव काळे यांचा नागपूर प्रांताचा इतिहास मराठीत हाताशी असावाच. मात्र त्यातील प्रत्येक स्थळाचा मूळ आधार कोणता, हे विचारून पुढे जावे.

जितके मागे जावे तितकी अडचण वाढते, आणि प्राचीन काळाविषयी आपण अपेक्षाच निराळी ठेवली पाहिजे. रतनपूरचा कलचुरी राजा पहिला जाजल्लदेव याच्या शिलालेखात, जो कलचुरी संवत् ८६६ चा म्हणजे इ. स. १११४ चा आहे, ज्या मांडलिकांकडून त्याला वार्षिक खंडणी येत असे त्यांत वैरागर, लांजिका आणि भाणार ही नावे आहेत; ती अनुक्रमे वैरागड, लांजी आणि आपला भंडारा, असे मानतात. या लेखावरून भंडाऱ्यावर दबाव होता हे सिद्ध होते. कोणत्या माळावर कोणाची फौज भिडली, हे त्यातून सिद्ध होत नाही. अशा लेखावरून रणभूमीचे टिंब काढण्याचा मोह कितीही झाला तरी आवरला पाहिजे, कारण एकदा छापलेले टिंब पुढचे दहा लेखक उचलतात आणि मग ते पुसता पुसत नाही.

आता तारखेकडे वळू. शुहूर सनात ५९९ किंवा ६००, दक्षिणी फसलीत ५९० किंवा ५९१ आणि शकात ७८ किंवा ७९ मिळवले की इसवी सन येतो, हे ठाऊक असले तरी तेवढ्याने भागत नाही. महिना आणि तिथीपर्यंत पोहोचले पाहिजे, आणि त्यासाठी स्वामीकन्नू पिल्ले यांची पंचांगकोष्टके वापरावीत. महिन्याचे महत्त्व आपल्या जिल्ह्यात इतरत्रापेक्षा अधिक आहे. भाद्रपद-आश्विनात वैनगंगा दुथडी वाहते, चुलबंद आणि बावनथडी उतरू देत नाहीत, आणि धानाच्या बांध्यांत गुडघाभर चिखल असतो. त्या दिवसांत घोडदळाने अमक्या सपाटीवर हल्ला चढवला असे वर्णन असेल, तर ती सपाटी धानाची असू शकत नाही, ती भरड जमिनीचे उंच टेकाडच असणार. हेच वर्णन माघ-फाल्गुनातले असेल तर नदीचा प्रत्येक उतार मोकळा असतो आणि उमेदवार जागांची संख्या एकदम वाढते. एका महिन्याच्या फरकाने अर्धा तालुका शोधातून बाहेर जातो अथवा आत येतो.

अंतराच्या बाबतीत कोसाचे मोजमाप सर्वत्र सारखे नव्हते, हे सर्वांस माहीत असूनही आपण पुस्तकी कोष्टक लावून मोकळे होतो. त्यापेक्षा खात्रीचा मार्ग असा: ज्या लेखकाचा वृत्तांत आपण वाचत आहोत, त्यानेच दिलेली दोन निर्विवाद ठिकाणांमधील अंतरे शोधावीत, उदाहरणार्थ नागपूर ते भंडारा. आज हा रस्ता सुमारे साठ किलोमीटर भरतो. लेखक जितके कोस सांगेल त्याने या संख्येला भागले, की त्या लेखकाचा कोस हाती येतो. अशी दोन-तीन अंतरे तपासून सरासरी काढावी, आणि मग ‘भंडाऱ्याहून पाच कोसांवर गाठ पडली’ या वाक्याचा अर्थ लावावा. जुनी वाट आजच्या महामार्गासारखी सरळ नव्हती, नदीचा उतार गाठण्यासाठी ती वळसे घेत असे. म्हणून कंपासाने ओढलेले अंतर नेहमी थोडे आत ओढून घ्यावे लागते.

परंतु भंडारा जिल्ह्यातील शोधकाची खरी कसोटी लागते ती जमिनीच्या बाबतीत, आणि येथे मला थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. २२ एप्रिल १९८८ रोजी पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द प्रकल्पाच्या जलाशयाने पवनीपासून भंडारा शहरापर्यंत वैनगंगेचा काठ बदलून टाकला आहे. नदीचे जुने उतार, डोंग्यांचे घाट आणि काठावरची गावठाणे, म्हणजे ज्या जागी फौजा अडत, एकमेकींवर तोफा रोखत आणि रात्रीचा मुक्काम करीत त्याच नेमक्या जागा, पाण्याखाली गेल्या. आणि गावे उठून दुसरीकडे वसली तेव्हा आपली नावे सोबत घेऊन गेली. आजच्या नकाशावर त्या नावाचे टिंब पुनर्वसित वस्तीवर असते, जिथे ना लढाई झाली ना मुक्काम. या भागातील कोणत्याही गावाचे स्थान घेताना ते मूळ गावठाण आहे की पुनर्वसित, हे तलाठ्याकडे विचारल्यावाचून पुढे पाऊल टाकू नये. तलावांचेही तसेच. कोहळ्यांनी बांधलेले आणि पुढे मालगुजारांच्या ताब्यात राहिलेले तलाव, ज्यांना आज मामा (माजी मालगुजारी) तलाव म्हणतात, ते आणि गावोगावच्या बोड्या यांपैकी काही फार जुन्या, काही गेल्या शतकातल्या. कागदात ‘तळ्याच्या पाळीमागे दबा धरला’ असे असले, तर ते तळे त्या वर्षी होते का, हे आधी ठरवावे. तुमसरकडे डोंगरी बुजरूकसारख्या मँगनीजच्या उघड्या खाणींनी टेकड्यांचा आकारच पालटला आहे, तेव्हा तिकडे डोळ्यांना दिसणारी उंची ही जुनी उंची मानणे धोक्याचे.

यावर उपाय एकच: नवा नकाशा बाजूस ठेवून जुना उघडावा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या एक इंचास एक मैल या प्रमाणाच्या जुन्या पत्रकांत धरणापूर्वीची नदी आहे. भंडारा शहर ५५ ओ/१२ या पत्रकात आणि पवनी ५५ पी/९ मध्ये येते, तर साकोलीच्या पूर्वेकडचा भाग ६४ क्रमांकाच्या पत्रकांत जातो. अमेरिकेच्या लष्करी नकाशा खात्याने १९५० च्या दशकात काढलेली यू ५०२ ही अडीच लाखांस एक प्रमाणाची मालिका टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने सर्वांना खुली केली आहे. ती ढोबळ असली तरी वाटा आणि नद्या समजण्यास पुरते. आणि ज्यांना संगणक चालवता येतो त्यांनी कोरोना या अमेरिकी हेरगिरी उपग्रहांची १९६० च्या दशकातील छायाचित्रे अवश्य पाहावीत. ती १९९५ साली गोपनीयतेतून मुक्त झाली, आणि गोसीखुर्दच्या कित्येक वर्षे आधीची वैनगंगा, तिचे वाळूचे पट्टे आणि जुनी गावठाणे त्यांत दिसू शकतात. मात्र जुने पत्रक नव्या नकाशावर बसवताना केवळ अक्षांश-रेखांशांच्या आकड्यांवर विसंबू नये: जुनी मोजणी एव्हरेस्टच्या गोलाभावर आधारलेली, उपग्रहांची दुसऱ्याच, त्यामुळे तेच आकडे नव्या नकाशात टाकले तर जागा शंभराहून अधिक मीटर सरकते. देवळाचे शिखर, तटाचा बुरूज, जुन्या विहिरी अशा न हललेल्या चार-पाच खुणा दोन्ही नकाशांवर जुळवून पत्रक बसवणे, हेच योग्य.

नकाशानंतर दप्तर. विदर्भातल्या वाचकांचे एक भाग्य असे, की बंदोबस्ताच्या वेळच्या मिसली, वाजिब-उल-अर्ज, निस्तारपत्रके आणि गावनकाशे अनेक मौजांचे भूमी अभिलेख कार्यालयात आजही पाहावयास मिळतात. रीतसर अर्ज करून नक्कल घ्यावी, आणि गावनकाशावर पांदण, स्मशान, देवस्थानाची जमीन, पडीत टेकाडे आणि दोन मौजांची शीव रंगाने दाखवावी. जुन्या पांदणी धुऱ्याधुऱ्याने जात नदीच्या ज्या बिंदूवर येऊन थांबतात, तो बहुधा जुना उतार असतो. आणि अडलेली फौज उताराजवळ लढते. १८०३ साली असईच्या लढाईत वेलस्ली यांनी केळना नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावे पाहून मध्ये उतार असलाच पाहिजे असा तर्क केला आणि तो खरा ठरला. सेनापतीचा तो तर्क संशोधकालाही तितकाच उपयोगी आहे.

एवढी तयारी झाल्यावर शिवारात जावे, त्याआधी नाही. गावात गेल्यावर ‘येथे लढाई झाली होती का’ असा प्रश्न कधीही विचारू नये, कारण आतिथ्यशील माणूस पाहुण्याला नकार देत नाही. त्याऐवजी ढिवरांना पूर्वीचे उतार विचारावेत, गुराख्यांना टेकाडांची नावे, वृद्ध शेतकऱ्यांना कोणत्या बांधीत नांगराला काय लागते ते. आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत, झाडीबोलीतच उतरवावीत. वीरगळ वा सतीशिळा भेटली तर तिचे तोंड कोणत्या दिशेला आहे, ती मूळ जागी उभी आहे की देवळाच्या पाराला आणून टेकवली आहे, याची चौकशी करावी, कारण हलवलेली शिळा जागेची साक्ष देऊ शकत नाही. जुन्या लोखंडी वस्तूंविषयी विशेष सावधगिरी हवी. विदर्भात माहुरझरी, टाकळघाट-खापा, नायकुंड येथील शिळावर्तुळांच्या उत्खननांत लोखंडी शस्त्रे आणि अवजारे मृतांच्या सोबत पुरलेली सापडली आहेत. तेव्हा एखाद्या बांधावर गंजलेले पाते निघाले, म्हणजे तेथे मराठे-गोंडांची लढाई झाली, असे होत नाही. ते दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या दफनातलेही असेल. पवनीसारख्या ठिकाणी तर हा गुंता आणखी वाढतो: १९६९-७० च्या उत्खननात तेथे बौद्ध स्तूप उघड झाले, महाक्षत्रप रुपिअम्म याचा स्मृतिस्तंभ तेथूनच मिळाला, आणि १८१८ साली इंग्रजांनी हल्ला करून घेतला तो किल्लाही तेथेच. एकाच मातीच्या तटावर इतक्या काळांचे थर आहेत, आणि आपली लढाई त्यांतील फक्त एका पातळ थराची.

रूढ झालेली जागाही चुकीची असू शकते: इंग्लंडातील बॉसवर्थची १४८५ ची लढाई शतकानुशतके अँबियन टेकडीवर दाखवली जात होती, तेथे अभ्यागतांसाठी केंद्रही उभे राहिले होते. २००९-१० च्या सुमारास पद्धतशीर पाहणीचे निष्कर्ष जाहीर झाले तेव्हा तोफांचे गोळे सापडले ते तेथून सुमारे तीन किलोमीटरांवर. त्या संशोधकांच्या कामातली आपण घेण्याजोगी गोष्ट धातुशोधक यंत्र ही नव्हे. वर्णनात येणारी दलदल त्या काळी कोठे होती, हे त्यांनी मातीचे नमुने आणि जुनी शेतनावे यांवरून आधी ठरवले, ही आहे. आपल्याकडे हौशी माणसाने ते यंत्र हाती घेऊच नये. परवान्याशिवाय उत्खनन करणे संरक्षित स्थळी गुन्हा आहे, आणि १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवणे बंधनकारक आहे. त्याहून महत्त्वाचे असे, की जागेवरून उचललेली गोळी ही नुसते शिसे उरते. तिचे ठिकाण, खोली आणि शेजारच्या वस्तू यांतच तिची किंमत असते. छायाचित्र घ्यावे, शेजारी मोजपट्टी ठेवावी, गट क्रमांक लिहावा, वस्तू तेथेच राहू द्यावी आणि पुरातत्त्व खात्याच्या नागपूर कार्यालयाला कळवावे.

शेवटी नकाशावर खूण करताना टिंब काढू नये, वर्तुळ काढावे. तारीख, मजल, पाणी, उंची आणि नाव या पाचही गोष्टी जुळल्या असतील तर वर्तुळ एका मौजाएवढे लहान ठेवावे. तीनच जुळल्या तर ते पाच-सहा मौजे सामावील एवढे करावे. आणि केवळ नाव जुळत असेल तर तुटक रेषेने काढून शेजारी तसे स्पष्ट लिहावे. प्रत्येक वर्तुळासोबत एक लहान टिपण असावे: मूळ साधनातील शब्द, लेखकाचा काळ, कोस कसा ठरवला, कोणती गावे कोणत्या कारणाने वगळली, कोणत्या जुन्या पत्रकाचा आधार घेतला, कोणत्या महिन्यात पाहणी केली. वगळलेल्या गावांची कारणे लिहिण्याचा बहुतेकांना कंटाळा येतो. परंतु पुढचा अभ्यासक तुमच्या निष्कर्षापेक्षा त्या कारणांचाच अधिक ऋणी होईल, कारण त्यातले एखादे कारण नव्या कागदाने कोसळले तर त्याला संपूर्ण वाट पुन्हा चालावी लागणार नाही. टिपणाची एक प्रत गावच्या ग्रामपंचायतीत आणि एक जिल्हा ग्रंथालयात द्यावी. आणि पाहणीसाठी वैशाखाच्या आसपासचे दिवस राखून ठेवावेत: धान निघून गेलेले असते, धुरे आणि पांदणी उघड्या पडतात, आणि गोसीखुर्दचे पाणी ज्या वर्षी पुरेसे उतरते त्या वर्षी काठालगतच्या काही जुन्या गावठाणांची जोती पायी जाऊन मोजता येतात.